मामा तलावांचा मुलूख आणि आपली पांढरी पडलेली राने



उसाच्या पत्रिकेत धानाचे काय काम, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. पण गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही पाच-सहा सभासद चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आलो आणि तिथे जे पाहिले ते मनातून जाईना, म्हणून हा लेखप्रपंच. खरे तर आम्ही अभ्यासाला म्हणून गेलोच नव्हतो. आमच्यातल्या एकाचा जावई तिकडे नोकरीला आहे, त्याच्या घरची वास्तुशांत होती. जेवणे झाली, परतीच्या गाडीला तीन दिवस अवकाश होता. शेतकरी माणूस परमुलखात रिकामा बसला की शेवटी कुणाच्या तरी बांधावर जाऊन उभा राहतो. तसेच झाले.

वरोऱ्यापर्यंत आम्हाला काही परके वाटले नाही. काळी राने, कपाशी, सोयाबीन, मधून तुरीच्या ओळी. हा वर्धा नदीच्या खोऱ्याचा भाग. भद्रावती, राजुरा, कोरपना इकडेही तसेच. मातीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी असल्याने खाणी आणि सिमेंटचे कारखाने उभे राहिले, ही गोष्ट निराळी. पण चिमूर मागे टाकून नागभीडकडे निघालो तशी माती बदलू लागली. काळीची भुरी झाली, भुरीची पिवळट झाली, आणि बघता बघता सगळे रान लहान लहान चौकोनांत कापलेले दिसू लागले. प्रत्येक चौकोनाला मातीचा बांध. चौकोनाला तिकडे बांधी म्हणतात आणि बांधाला धुरा. धुऱ्यावर तूर उभी, खाली धान निसवलेले. चौकोनांच्या वरच्या अंगाला झाडीतून चमकणारा तलाव. एक तलाव मागे पडला की दुसरा. आम्ही मोजायचे ठरवले आणि तासाभरात नाद सोडला.

का बरे एका जिल्ह्यात असे दोन मुलूख? कारण जमिनीत आहे. पश्चिमेला भारी काळी माती आहे. ती पाणी धरून ठेवते, पावसाळा संपल्यावरही ओल पुरवते. तिथे ज्वारी-कपाशी आली, आणि तलाव बांधायची कुणाला फारशी गरजच पडली नाही. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पलीकडे आरमोरी, गडचिरोली इकडे, जुन्या कठीण खडकाची झीज होऊन झालेली हलकी, रेताड, पिवळट माती. तिथल्या शेतकऱ्यांनी मातीला नावे ठेवली आहेत. भारी काळी ती कन्हार, मध्यम ती मोरंड, पिवळट रेताड ती सिहार, मुरमाड ती बरडी. ही नावे इतकी पक्की की इंग्रजांच्या बंदोबस्त अधिकाऱ्यांनी सारा ठरवताना तीच उचलली. शिवाय एकाच मातीचे रान उंचावर आहे, सपाटीला आहे की खोलगटात आहे, यावरही आकारणी वेगळी. म्हणजे मातीचा पोत आणि पाण्याची वाट या दोन्ही गोष्टी सातबाऱ्याच्याही आधी कागदावर आल्या होत्या.

सिहार मातीचा स्वभाव मोठा चमत्कारिक. ओली असताना लोणी आणि वाळली की वीट. पाऊस बाराशे मिलिमीटरच्या पुढे, पूर्वेकडे जंगलात गेलो की त्याहूनही अधिक. आपल्याकडच्या माणसाला वाटेल, एवढा पाऊस असल्यावर पाणी साठवायचे कशाला? आम्हीही तोच प्रश्न धुऱ्यावर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारला. तो हसला. म्हणाला, "पाटील, पाऊस धानाले विचारून येत नाही ना जी!" मुद्दा एवढाच. रोवणी होते आषाढ-श्रावणात, तेव्हा पाणी उदंड. पण धान निसवून दाणा भरायच्या वेळेला, भाद्रपद संपता संपता, हस्ताचा पाऊस हटकून दगा देतो. तेव्हा ही माती पंधरा दिवसांत तडकते आणि आलेले पीक पोचट होते. त्या एका-दोन पाण्यासाठी तलाव. वर्षभर धबाधबा सोडायला नाही. तलावाचे पाणी वरच्या बांधीत शिरते, ती भरली की धुऱ्याला पाडलेल्या तोंडातून खालच्या बांधीत, तिच्यातून आणखी खाली. इंजिन नाही, मोटार नाही, पाइपलाइन नाही. धान कापायच्या आधीच ओल्या रानात लाखोळी फोकतात, तीही त्याच ओलीवर येते.

हे तलाव बांधले कुणी? चांद्याच्या गोंड राजांपैकी हिरशाने असा नियम केल्याची नोंद जुन्या कागदपत्रांत आहे की, जंगल तोडून जो रान काढील त्याला त्या रानाची सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. तलावाबद्दल मिळालेल्या अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. आम्हाला या नियमाचे फार कौतुक वाटले. किती पाणी अडवलेस तेवढी जमीन तुझी. आपल्याकडे नेमके उलटे चालते. किती जमीन आहे ते सांग, तेवढे पाणी ओढ!

आता उसवाल्यांनी कान टवकारावेत अशी गोष्ट. हे तलाव बांधण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता तो कोहळी समाज. यांना गोंड राजाने काशीहून आणले असे परंपरेने सांगतात. भंडाऱ्यापासून चांद्यापर्यंत वैनगंगेच्या खोऱ्यात त्यांनी तलाव बांधले आणि त्यांचे आवडते पीक होते ऊस! होय, आपलाच ऊस. कारखाना नव्हता, गुऱ्हाळ होते. पण त्यांनी ऊस लावला तो तलावाखालच्या निवडक रानात. पाणी जिथे पोचेल, आणि पोचून निघूनही जाईल, तिथे. बाकी सगळीकडे धान. ऊस आवडतो म्हणून सगळी शिवारे उसाखाली घातली नाहीत. घालता आली नसती, हे खरे. तलावाने ती मुभाच दिली नसती. आपल्याला कालव्याने मुभा दिली आणि तिथेच आपली गाडी घसरली.

घसरली म्हणजे काय, ते सांगायला आम्हाला लांब जायला नको. आपल्याच कार्यक्षेत्रात, ओढ्याच्या दोन्ही अंगांची राने पाहा. उन्हाळ्यात वर पांढरे फूल येते. जिथे एकेकाळी एकरी साठ टन ऊस निघाल्याचे आपले वडील सांगत, तिथे आज ऊस गुडघ्याच्या वर जाता जात नाही, आणि काही गटांत तर लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. त्या सभासदांचे शेअर आहेत, सोसायटीचे कर्ज आहे, फक्त ऊस नाही. वार्षिक सभेत ते मागच्या रांगेत बसतात आणि बोलत नाहीत. याची आम्हाला फार खंत वाटते.

हे नवे दुखणे आहे असे कोणी समजू नये. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत, १९१० साली, डॉ. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी पुस्तिका लिहिली. पंचवीस वर्षे म्हणजे एका शेतकऱ्याची उमेद! विश्वेश्वरय्यांनी त्याच नीरेवर ब्लॉक पद्धत आणली. ब्लॉकचा तिसरा हिस्सा ऊस, बाकीच्यात हलकी पिके, आणि ऊस दर खेपेला नव्या हिश्शात. जमिनीला दम खायला मिळावा, पाणी सगळ्यांना पुरावे, हा हेतू. ती शिस्त आपण कधी सोडली हे आपल्याला आठवतही नाही. लागण, खोडवा, पुन्हा खोडवा, पुन्हा लागण.

आमच्या नातवाच्या इतिहासाच्या पुस्तकात अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींचा धडा आहे. तो वाचताना आम्हाला वैनगंगाच आठवली. उत्तरेच्या न्यू इंग्लंडमध्ये जमीन खडकाळ, तिथे लहान शेते आणि घरापुरते पीक. मधल्या पेनसिल्व्हेनियात चांगली माती, तिथे गहू. दक्षिणेला कॅरोलिनाच्या दलदलीत भात, आणि तो पिकवायची विद्या आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांजवळ होती. व्हर्जिनियात तंबाखू. १६१२ च्या सुमारास जॉन रोल्फने तिथे तंबाखू लावला, भाव मिळाला, आणि जो तो तंबाखूमागे लागला. तीन-चार पिकांत जमीन दमायची, की ती सोडून पुढचे जंगल तोडायचे. त्यांना पुढे सरकायला रान होते (ते रान दुसऱ्यांचे होते, हा भाग वेगळा). आपल्याला पुढे सरकायला काय आहे? आणि उसाचेच म्हणाल तर बार्बाडोस बेटाची कथा ऐका. १६४० नंतर तिथे ऊस शिरला. काही दशकांत जंगल संपले, उतारावरची माती पावसाने खाली वाहून गेली, आणि ती टोपल्यांत भरून पुन्हा वर वाहून न्यायचे काम गुलामांच्या डोक्यावर आले. पुढे मग सरीऐवजी चौकोनी खाचा पाडून ऊस लावू लागले, माती अडावी म्हणून. म्हणजे शेवटी बांधीच!

पण चांद्याकडचे सारे गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. इंग्रजी अमलात गावच्या पाटलांना मालगुजार म्हणून जमिनीची मालकी मिळाली, तलावही त्यांचे झाले. तलावाची डागडुजी होई, गाळ निघे, पण तो कुणाच्या पाठीवर? वेठबिगारीच्या. मालगुजार देवमाणूस होता अशी आठवण तिकडे फारशी कोणी काढत नाही. आणि आणखी पूर्वेला, एटापल्ली-भामरागडच्या डोंगरात, माडिया लोक उतारावरची झाडी तोडून जाळून राखेत कोसरी वगैरे पेरत, दोन-तीन वर्षांनी जागा बदलत. तिकडे याला पेंदा म्हणतात. त्या पातळ मातीला मानवेल अशीच ती रीत होती, पण जंगलाला सागाचा भाव आला आणि सरकारला ती रीत गुन्हा वाटू लागली. असो. तो मोठा विषय आहे.

सांगायचा मुद्दा निराळा. १९५१ साली मालगुजारी गेली. जायलाच हवी होती. जमीन कसणाऱ्याकडे आली, तलाव सरकारकडे आले. माजी मालगुजारी तलाव, म्हणून त्यांना आता मामा तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या आसपास तलाव आहेत. पण मामा सरकारी झाला आणि भाच्यांनी त्याच्याकडे पाहणे सोडले. गाळ काढायचा कुणी? सरकारने. पाळीवरची झाडे तोडायची कुणी? सरकारने. तलावाच्या बुडीत जमिनीत पेरा कुणी केला? गावातल्याच कुणीतरी, आणि त्याला अडवायचे कुणी? अर्थात सरकारने! अलीकडे गाळ काढायच्या योजना आल्या, काही तलाव पुन्हा भरू लागले, हेही आम्ही पाहिले. पण मधल्या काळात तलावाची खोली गेली. मालगुजाराच्या धाकाने जे होत होते ते गावाच्या एकीने व्हायला हवे होते, आणि ती एकी आपोआप जन्माला आली नाही.

इथे आम्हाला आपला ओढा दिसला. बांधीत वरच्या शेतकऱ्याचे पाणी खालच्याचे पीक होते. आपल्याकडे वरच्या शेतकऱ्याचे पाणी खालच्याचे मीठ होते. उतार तोच, पाणी तेच. फरक एवढाच की आपण पाणी आणायची सोय सहकारातून केली आणि पाणी काढायची सोय ज्याची त्याने करावी असे गृहीत धरले. निचऱ्याचा चर कुणाच्या तरी बांधावरून जातो, मग तो म्हणतो, माझी दोन गुंठे जमीन जाते. कुणी चर बुजवून वर ऊस लावतो. ओढ्यात पाचट पडते, वर बाभळी माजतात. उपसा योजनेच्या मीटिंगला दीडशे माणूस जमते; चर साफ करायचे म्हटले की सगळ्यांच्या घरी त्याच दिवशी पाहुणे येतात.

आता आम्ही जे लिहिणार आहोत ते काही सभासदांना आवडणार नाही, आणि कदाचित संचालक मंडळालाही नाही. आपल्या कार्यक्षेत्रात काही राने अशी आहेत की त्यांत ऊस लावूच नये. निदान चार वर्षे तरी लावू नये. आणि कारखान्याने त्यांची नोंद घेऊ नये. गाळप वाढवायचे म्हणून दिसेल त्या रानाची नोंद धरण्याची सवय आपण सर्वांनी मिळून लावून घेतली आहे. अहो, ऊस नाही तर खायचे काय, असे विचाराल. प्रश्न खोटा नाही. उसाला दर ठरलेला, बिल बँकेत येते, सोसायटीची वसुली परस्पर होते. दुसऱ्या कोणत्या पिकाला हे आहे? पण ज्या रानात एकरी पंधरा टन निघतो त्या रानातला ऊस दर कितीही असला तरी खत आणि पाण्याचे पैसे फेडत नाही. हे आम्ही आमच्याच हिशेबाच्या वहीवरून सांगतो, पुस्तकातून नव्हे.

काही जण म्हणतील, २६५ लावा की, ती खारवट रानात तग धरते. धरते, खरे आहे. पाडेगावच्या संशोधकांचे उपकार आहेत. पण २६५ ने आपल्याला थोडी झोपही दिली. रोगी चालतो आहे म्हणून औषध बंद, असे झाले. जात जमिनीला मानवणारी असावी हे आम्हालाही कळते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी तेच केले. १९८३ साली पटेल-३ धानात त्यांना तीन वेगळ्या पिवळसर लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, वर्षानुवर्षे निवडत गेले आणि त्यातून एचएमटी धान आले. घड्याळाच्या कंपनीचे नाव धानाला! दादाजींजवळ जमीन होती अवघी एक-दीड एकर. ते ३ जून २०१८ रोजी गेले. त्यांचे धान आजही देशभर पिकते. पण दादाजींची ती जात बांधीत वाढली, ज्या बांधीत पाणी येते आणि जातेही. बांधीशिवाय नुसत्या बियाण्याने काय केले असते?

शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून हजारो एकर क्षारपड रानाचा निचरा केला. एकट्या-दुकट्याने घातलेले पाइप उपयोगाचे नाहीत, कारण पाणी शेवटी कुठेतरी सोडावे लागते आणि ती वाट शेजाऱ्याच्या रानातून जाते. म्हणून आमची मागणी अशी आहे की, येत्या वार्षिक सभेत ऊसबिलातून टनाला ठराविक रक्कम निचरा निधी म्हणून कापण्याचा ठराव यावा. कपात म्हटली की कपाळाला आठ्या पडतात, ठाऊक आहे. देवळाला, शाळेला, कुणाच्या सत्काराला कापून घेतो तेव्हा आपण बोलत नाही. हा निधी मुख्य चरांसाठीच राहावा, दुसरीकडे वळवू नये, आणि त्याचा हिशेब गटवार याच पत्रिकेत छापावा. वरच्या अंगाच्या सभासदांनीही तो द्यावा. त्यांचे रान चांगले आहे हे खरे, पण खालचे रान त्यांच्याच पाण्याने गेले आहे.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येकाने एक काम करावे. लागणीच्या आधी रानात सखल जागी तीन फूट खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. तळाला पाणी जमले असेल तर त्या रानात ऊस लावायची घाई करू नका, आधी चर मोकळा करा. खड्ड्याच्या भिंतीवरून वरच्या, मधल्या आणि खालच्या थराची माती वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका, तपासणी चुकते. पिशवीवर नाव, गट नंबर आणि थर लिहा. सामू साडेआठच्या वर आला तर जमीन चोपण होत चालली आहे असे समजा, तिथे जिप्सम आणि धैंच्याचा विचार करावा लागेल. मात्र जिप्समचा हिशेब तपासणी पाहूनच करायचा, शेजाऱ्याने टाकले म्हणून नाही. सामू ठीक पण क्षारांचा आकडा चारच्या वर असेल तर जिप्सम टाकून पैसे घालवू नका, तिथे चर आणि गोडे पाणी हाच इलाज आहे. पिशव्या गट ऑफिसात द्या. तिथला माणूस जागेवर नसेल तर शिपायाकडे देऊन पोच घ्या, आणि पोच जपून ठेवा.